दुसरा बूट

सोजरआत्या दहिवडीहून आली
पिशवीत बाजरीचं पीठ
आणि वहीच्या पानावर नातवाच्या अक्षरात
मुंबईतली सात नावं घेऊन.
मी रजा टाकली.
बावीस वर्षं फोर्टात लिफ्ट चालवतोय,
तरी पहिलंच नाव कुठल्या बसनं,
हे मला पानवाल्याला विचारावं लागलं.

गेटवेखाली ती मान वर करून उभी राहिली.
"दार म्हंतात ह्येला. मग फळ्या कुटं? कडी?"
राजा यायचा होता, म्हणून बांधलं, आत्या.
"आला का?"
आला. पण तेव्हा हे बांधून झालं नव्हतं.
पदर तोंडाला लावून ती हसत सुटली.
"आमची शाळा बी आशीच.
मंत्री येऊन गेला, मग पत्रं चढलं."
फोटोवाला म्हणाला, मावशी, हात वर करा,
ताजचा घुमट चिमटीत धरल्यासारखा येईल.
आत्या म्हणाली,
"दुसऱ्याच्या घराला आसं शेंडीला धरू न्हाई."

हँगिंग गार्डनला तिला काही टांगलेलं दिसेना.
मी पाटीवर वाचून सांगितलं,
या हिरवळीखाली पाण्याच्या टाक्या आहेत,
निम्म्या शहराच्या.
तिनं चपला काढल्या.
हातात धरून, एकेक पाऊल जपून टाकत
पार पलीकडच्या कठड्यापर्यंत गेली.
माणदेशात तिच्या दारी
टँकर येतो आठवड्यातून दोनदा.
काही बोलली नाही.

समोर म्हातारीचा बूट.
पोरं आतून चढत होती, खिडकीतून हाका मारत होती.
आत्यानं भोवती एक चक्कर मारली.
"दुसरा कुटाय?"
शेंगावाला म्हणाला, एकच आहे.
"मग एका पायानं गेली कुटं म्हातारी?"
त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही.
तिला ते बसमध्येही सुटेना.

महालक्ष्मीच्या पुलावर परदेशी पाहुण्यांची गर्दी,
खाली धोबीघाट, चादरींच्या रांगाच रांगा.
सगळे फोटो काढत होते. आत्या दोऱ्या बघत होती.
"चिमटं न्हाईत. पिळाच्या मदी खोवल्यात कापडं.
ह्ये बेस हाय. ल्ही कागदावर."
मी लिहिलं.

तीन नावं राहिली, तिचे गुडघे भरून आले.
कागद घडी घालून तिनं कनवटीला लावला.
"आता तुजं दाव."
माझं काय, आत्या?
"बावीस वरसं कुटं जातुस त्ये."

शनिवार संध्याकाळ, कचेऱ्या बंद.
पांडेनं गेट उघडून दिलं.
ती माझ्या स्टुलावर बसली,
जाळीचं दार स्वतः ओढलं, कडी घातली,
कडीवरून बोट फिरवलं. म्हणाली, चल.
पहिला. दुसरा.
प्रत्येक मजल्यावर थांबवून ती
अंधाऱ्या व्हरांड्यात डोकावत होती, देवळात डोकावावं तशी.
पाचवा. आता संपलं, आत्या.
"ह्येच्या वर?"
गच्ची आहे. कुलूप असतं.
"काय दिसतं?"

लिफ्टचा पंखा घरघरत राहिला.
मी खाली पांडेला हाक मारली:
किल्ली कुणाकडे असते रे?