शेवटच्या माणसापर्यंत

उकंडा मास्तर तालमीत एकच सांगत :
आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे.
माईक बंद पडते, लाईन जाते,
पटाच्या रात्री दोन हजार माणूस तणसावर बसून असते.
पोटातून काढ बे.

मी पोटातून काढायचो.
दिवसा राईस मिलमध्ये पोती शिवायची
आणि रात्री खलनायक, बारा वर्षं.
पोरं रस्त्यात अडवत,
काका, एकडाव हसून दाखव न.

मार्गशीर्षातली तालीम, समाजमंदिरात.
खिडक्या पाच. तीन वानरांपायी खिळे ठोकून बंद,
उरलेल्या दोन थंडीपायी आम्हीच लावल्या.
दाराच्या फटीत कुणाची तरी चादर कोंबलेली.
आत चौदा माणसं, पेटी, ढोलक,
आणि मागे भिंतीला टेकून दसरूआबा.
नाटकात त्यांना काम नव्हतं.
घरी एकटे, इथं ऊब म्हणून येत.
माझ्यापासून वीस हात लांब.
मोजले मी. नंतर.

मला तेव्हा काहीच नव्हतं.
घसा जरा खरखरत होता,
खलनायकाला ते शोभतंच.
तिसऱ्या अंकातलं हसणं मास्तरांनी सात वेळा करून घेतलं.
ताप आला तो दोन दिवसांनी.
मग गजू प्रॉम्प्टरला. मग पेटीवाल्याला.
मग आबांना.

गेडाम सिस्टर वही घेऊन आल्या.
कोण कुठं बसलं, कोणी कोणाचा खर्रा खाल्ला,
कोणाच्या कपातला चहा कोण प्यायला.
आबांचं विचारलं तेव्हा सगळे गप्प.
आबांना कोणी शिवलं नव्हतं.
खर्रा ते खात नसत,
चहा आपल्या पितळी गिलासात, घरून आणलेल्या.

सिस्टरनी दार लोटलं,
मी उभा राहायचो तिथं एक उदबत्ती खोचली.
धूर सरळ वर गेला, छताला लागून वळला,
मग सावकाश खाली, बसायला जागा शोधत असल्यागत.
थोड्या वेळानं मागच्या भिंतीशी वास आला.
उदबत्ती विझवली.
वास तिथंच.

"थुंकीचा थेंब जड," त्या म्हणाल्या, "पायाशी पडतो.
हे त्याहून बारीक, तरंगत राहते.
बोललं की निघते, ओरडलं की जास्त,
हसलं की—"
आणि वहीत पाहू लागल्या.

मग त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या.
धूर निघाला,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखा,
उंबऱ्याशी चपला शोधत.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात आबा नऊ दिवस होते.
मी चौथ्या दिवशी बरा.

साकोलीहून त्यांची मुलगी आली.
समाजमंदिराच्या कोनाड्यातला गिलास तिनं उचलला,
पदरानं पुसला, पुन्हा पुसला.
म्हणाली, "तुम्हीच न ते हसणारे?
बाबा फोनवर सांगत,
त्याचं हसणं ऐकून घरी आलो की झोप चांगली लागते."

मी खिळे उपटले, तिन्ही खिडक्यांचे.
आता वानरं आत येतात, पेटीच्या भात्यावर बसतात,
मास्तर बोंबलतात.
बोंबलू देत.

यंदा तालीम खळ्यावर.
मध्ये शेकोटी, तोंडातोंडातून वाफ.
गजूची आखूड, मास्तरांची तुटक,
माझी लांब जाते, मग विरते.
उन्हाळाभर ही दिसत नाही,
तेव्हाही निघतच असणार.
आपण म्हणतो, मी तर नुसता बोललो.

"येत नाही बे!" अंधारातून मास्तर,
"मागे आवाज येत नाही!"

मागे तणसाचा ढीग, त्यापलीकडे उघड्या बांध्या,
त्यापलीकडे तलावाची पाळ.
मी बोट ओलं करून धरतो,
वारा कुठून येतो ते पाहतो,
माणसं नाहीत त्या बाजूला तोंड करतो.
मग हसतो.