दीड इंच समास

नियमावलीत होतं : डावीकडे दीड इंच समास सोडावा, बांधणीसाठी.
उजवीकडे एक.
दोन ओळींत दीडपट अंतर.
प्रश्न आणि उत्तर यांच्यात किती,
ते कुठेच नव्हतं.

म्हणून मीच मोजलं.
वर्गातल्या घड्याळाचा सेकंदकाटा अडकायचा,
तर मनगटावरचं काढून टेबलावर ठेवलं
आणि पहिलीच्या एकवीस लेकरांना एकेक करून विचारलं :
या चित्रात तुला काय दिसते?
सरासरी अकरा सेकंद.
मग, दुसऱ्या दिवशी, तेच चित्र :
आठे काय दिखी ऱ्हायनं?
दोन.

विद्यार्थी क्रमांक सात
पुस्तकातल्या प्रश्नावर चौदा सेकंद पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला,
"माले येस. तुमनं नही येत."
तक्त्याच्या रकान्यात एवढी जागा नव्हती.
लिहिलं : उशिरा प्रतिसाद.

मार्गदर्शक मॅडम पुण्यात.
दोन वर्षं मी त्यांना खांद्यापर्यंतच ओळखते.
बोरीकाठच्या आमच्या गावात वीज यायची रात्री साडेनऊला,
वीज आली की रेंज यायची,
आणि शेजारी भोजूअण्णांची चक्कीही.
"मागे कसला आवाज, कोकिळाताई?"
"दादर दळताहेत, मॅडम."
"बरं. नमुना फार लहान आहे."
त्या साली गावात तेवढीच जन्मली, मॅडम,
हे मी म्हटलं नाही.

कच्च्या प्रतीवर सदतीस ठिकाणी लाल अक्षरात एकच प्रश्न :
हे तुमचे मत की निष्कर्ष?
चौथं प्रकरण लिहिताना तव्यावर भाकर जळाली.
भाकर जळाली हा निष्कर्ष.
त्यावर घरचे जे बोलले,
ते मत.

मौखिक परीक्षा मे महिन्यात, भर दुपारी.
पत्र्याची कोठी, तिच्यावर लॅपटॉप,
पडद्यावर तीन चौकोन, तिन्हींत पंख्याचा वारा.
बाहेरचे परीक्षक म्हणाले,
"आपल्या संशोधनाची मर्यादा सांगा."
पान अठ्ठ्याऐंशी. पाठ होतं.
पण तोंडाशी आलं ते सगळं घरचं बोलणं आलं,
आणि ते तिथे चालणारं नव्हतं.

"ताई, तुमचा आवाज येत नाहीये."
"माइक बघा."
"नेटवर्क असेल हो, खेडं आहे."

माइक चालू होता. चक्की बंद होती.
माझी नजर मनगटाकडे गेली, सवयीनं.
नऊ. दहा. अकरा.
मग मी म्हटलं, "सर, मर्यादा अशी,
की ज्यांचं गप्प राहणं मी लिहिलं
त्यांना हे वाचता येणार नाही."

तिघंही गोठले होते.
एकाचा चष्मा अर्ध्यात काढलेला.
परत हलले तेव्हा अभिनंदन म्हणत होते.
वाक्य पोचलं का, मी विचारलं नाही.

अमळनेरला बांधून घेतला.
चॉकलेटी पुठ्ठा, सोनेरी अक्षरांचे पन्नास रुपये जादा.
जूनमध्ये शाळेत नेला तर
पोरांनी आधी वास घेतला,
मग सोन्यावरून बोट फिरवलं.
क्रमांक सात आता दुसरीत.
"यामा मनं नाव शे का, मॅडम?"

नाही.
नावं झाकून ठेवायची असतात.
नियम आहे, आणि नियम चांगला आहे.
पान त्रेचाळीस उघडून दाखवलं : हा सात म्हणजे तू.
तो सातकडे बघत राहिला.
किती वेळ, ते मोजलं नाही.

मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली
आणि डावीकडच्या समासात,
बांधणीनं अर्धा गिळलेल्या त्या जागेत,
जीभ बाहेर काढून लिहिलं :
हिरामन.

ण नाही, न.
माझा हात लाल पेनाकडे गेला होता.
त्याचं अक्षर मोठं, जागा कमी;
शेवटचा न मजकुरात घुसला,
थेट "उशिरा प्रतिसाद"च्या उ वर.