रात्रीची कॉफी

भांडी आवरली की
स्टीलच्या तांब्यात तीन चमचे जाडसर कॉफी, गार पाणी,
वर ताटली. फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीला टेकवून.
बास, एवढंच.

सकाळी सातला सीपीआरची ड्यूटी,
गॅसपाशी उभं राहायला पाय नकोच म्हणतात.
मलमलीच्या तुकड्यातून गाळते.
गंगावेशीतलं म्हशीचं दूध इतकं दाट,
की ओतलं तरी क्षणभर
वरच ठरवत बसतं, उतरू की नको.

साखर संपली होती, गूळ किसला.
बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटला.
एक खडा निसटून सिलिंडरमागं गेला,
तो मांजरीचा.

दारात भूपालअण्णा, माझे सासरे:
"गार झालीया की गं. ऊन करून देऊ?"
मी ग्लासच पुढं केला.
एक घोट. मिशीला साय.
बरी म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत,
बर्फ तेवढा दाढेखाली कडाकडा फोडला
आणि ग्लास काही परत आला नाही.

आज रात्री तांब्या शोधते, तर
ओट्यावर. कॉफी आधीच भिजलेली,
तीनाऐवजी सहा चमचे,
आणि ताटलीवर खलबत्त्यातला बत्ता,
मांजरीच्या भयानं.