अठरावर आकडा

बिटको चौकामागच्या दवाखान्यात
रुपवते मॅडम गुडघ्याच्या वर
चार चिकट पट्ट्या लावतात.
"मुंग्या आल्या की सांगा, काका."

एकतीस वर्षं खांबावर चढलो.
आधी टेस्टर, मग हात.
करंट अंगाला लागू न देणं
एवढंच काय ते माझं शिक्षण.

आता एकलहऱ्याहून निघालेली वीज
अठराच्या आकड्यावर माझ्या मांडीत.
ऑपरेशननंतर सुकलेला तो दोडका
मला न विचारता
टणक होतो, थरथरतो, सुटतो.

"नुसतं बघत बसू नका,
तिच्याबरोबर तुम्हीही आवळा."

आवळतो.
कोण कुणाला ओढतंय, कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मधेच लाईट गेली.
यंत्र गप्प.
मांडी मात्र
जराशी उशिरा सुटली.

मॅडमना बोललो नाही.
सबस्टेशनला फोन लावला:
"घाई नको, अशपाक.
सावकाश चढ."