साखळी टाका

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, म्हणाले,
बोटांना बारीक काम द्या तांडेल,
नाहीतर लाकूड होतील.

विंचवरचा दोर मला विचारून थोडाच फिरला होता.
अंगठा वाचला, तर्जनी अर्धी उरली,
मधलं बोट वाकतं, पण त्याच्या मर्जीनं.
जाळ्याची सुई धरवेना.
बायको म्हणाली, तांदूळ निवडा.
दोन दिवस निवडले.
खडे तिला जेवताना सापडत राहिले.

मग शेजारची अल्फिया आली, सातवीतली,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत प्लास्टिकची रिंग, पांढऱ्या कापडाचा तुकडा, सहा लडी.
एका लडीच्या कागदी पट्टीवर छापलेला नांगर,
मुगाएवढा.
तो बघितला आणि मी पायरीवर बसलो.

सुईच्या नेढ्यात दोरा जाईस्तोवर
भरती अर्धी चढली.

"चाचा, गाठ मारायची नाय."
नाय?
चाळीस वर्षं गाठीवर पोट भरलं मी.
जाळ्यात आसाआसाला गाठ असते,
एक आस फाटला तरी शेजारचा धरून राहतो,
सुरमई गेली तर एका भोकातून जाते,
सगळं जाळं सोडवून नेत नाही.
आणि ही पोर सांगते, नुसता फास ठेवा,
त्याच्या पोटातून सुई काढा,
मागच्याला पुढचा धरेल.
आणि पुढच्याला?
"त्याच्या पुढचा."

जास्त ओढलं की फास मिटतो, नुसती काडी दिसते.
सैल सोडला तर उकडलेल्या तिसरीसारखा
तोंड वासून बसतो.
जेटीवरून दामू पालशेतकर ओरडला,
काय तांडेल, हळदीकुंकवाला येताय ना?
मी मान वर केली नाही.
मान वर केली की टाका लांबतो,
हे तिसऱ्या दिवशीच कळलं होतं.

एकतीस फास झाले त्या दुपारी.
बरे होते. काही तर सारखे होते.
अल्फियानं शाबास म्हटलं नाही.
दोऱ्याचं शेपूट चिमटीत धरलं
आणि ओढलं.

सगळे गेले,
पावलाची चाहूल लागताच
खेकडे वाळूत शिरतात तसे.
कापडावर भोकं उरली.
मोजली. बत्तीस.

"शेवटच्याला टाचायला सांगितलं होतं मी.
तुम्ही फेरीबोटीकडे बघत होता."

फेरीबोटीकडे नाही,
धोपाव्याच्या बाजूला, तिच्या मागे बघत होतो.
आमची होडी चालली होती.
आमची म्हणजे चैत्रापर्यंतची.
नव्या मालकानं हिरवा रंग काढलाय.
नाव अजून खरवडलेलं नाही.
हे त्या पोरीला काय सांगायचं?
"परत दोरा ओव," म्हटलं.

पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं, नाव घालायचं का कुणाचं?
आधी अक्षरं, मग वरची रेघ,
बाईंनी असंच शिकवलंय.
मी आधी रेघ घातली.
आमच्यात आधी दोर सोडतात, गऱ्या मागून लटकतात.
च लटकला.
डि ला तीन दिवस लागले,
मधल्या बोटाचा तेव्हा संप होता.
काच्या काठीला आलो,
शेवटचा फास पडला,
त्याच्या टोकावरून दोरा पलीकडे नेला,
कणीएवढा एक टाका.
रिंग तिच्यापुढे धरली.
ओढ.

तिनं ओढलं.
रिंगसकट कापड आलं. फास जागचे हलले नाहीत.

तिनं वाचलं, चडिका.
"चाचा, टिंब राहिलं की."
मग जरा ओशाळून म्हणाली,
टिंबाला मात्र गाठच लागते,
सुईला दोन वेढे द्यायचे, मी दाखवते हां,
आणि पुढे सरकली.

तोवर माझ्या अर्ध्या बोटानं
ती मारून टाकली होती.