तिसरी रांग

सिनेमात कुणी बोलायचं नाही, हे काउपोनं ठरवलं
बापाच्या होडीचं इंजिन विकून आला त्या संध्याकाळी.
भीतीनं वाचा बसते, म्हणाला.
खरं कारण मला ठाऊक होतं :
बोलायचं तर माणसांना बोलणं शिकवावं लागतं,
आणि पैसे होते अकरा दिवसांचे.
एस्टोनियाच्या नकाशात आमचं गाव
नेमकं घडीवर येतं. कुणी फुकट शिकवायला येत नाही.

गोष्ट एवढीच :
मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला वजन करणारी बाई
खिडकीतून बघते,
गोठलेल्या समुद्रावर एक माणूस भोक पाडतोय
आणि गाड्यावर ताडपत्रीखाली जे आहे
ते त्या भोकाहून मोठं आहे.
मग तो मान वर करतो.
पुढची सत्तर मिनिटं अख्खं गाव
मिठाची गुळणी धरून.

बाई म्हणजे माइरे. एरवीही ती वजनच करते,
तिच्या हातांना काही सांगावं लागलं नाही.
मारेकरी राइवो, शाळेच्या बसचा ड्रायव्हर;
नंतर महिनाभर त्याच्या बसमध्ये
पोरं चिडीचूप बसायची.

आवाज माझे.
बर्फावरची पावलं : बटाट्याचं पीठ, मोज्यात भरून.
बर्फ तडकतो तिथे गोठवलेला कोबी,
आईच्या स्वयंपाकघरात, ती झोपल्यावर.
ताडपत्रीला माझाच जुना रेनकोट.
आणि शेवटी, वजनकाट्याच्या खोलीत
माइरे काचेपलीकडे दाराची कडी दाबून धरते,
तिथे माझा श्वास.
माइक काचेच्या अलीकडे होता, तिचा आलाच नाही.
बारा वेळा धापा टाकल्या. तेराव्यांदा पाठ भरून आली,
तो घेतला.

पहिला खेळ अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये,
बंब बाहेर काढून खुर्च्या मांडलेल्या.
तिसऱ्या रांगेत सात जण, जिल्ह्याच्या कर्णबधिर संघाचे.
साल्मेनं दारातच लिहून दाखवलं होतं :
खाली वाचत बसायचं नाही, असा सिनेमा पहिल्यांदाच.

बाविसाव्या मिनिटाला तिसरी रांग हसली.
बस थांब्यावर राइवो माइरेच्या अगदी मागे,
हॉल श्वास रोखून,
आणि हे सात जण खांदे हलवून हसताहेत.
काउपोचा चेहरा चुन्यासारखा.

खेळ संपल्यावर साल्मेनं तिकिटामागे लिहिलं :
मागे उभा आहे तो म्हातारा म्हणतोय,
अजून किती वेळ उभं राहू, माझं मूत्राशय काही सिनेमात नाही.
म्हातारा काउपोचा काका.
आम्ही डोळे पुसत हसलो.

मग तिनं तिकीट परत मागितलं.
जागा नव्हती, कडेकडेनं लिहिलं.
शेवटचा प्रसंग. काचेआडचे ओठ.
आम्हाला वाटलं होतं थंडीनं थरथरताहेत;
मी त्यांच्यावर श्वास चढवला होता, तंतोतंत,
मिरवतही होते.
साल्मेनं लिहिलं :
एन्नो, दार उघडंय.

सिनेमात कुणालाच नाव नाही.
आणि कडी तर ती दोन्ही हातांनी दाबून धरतेय.

एन्नो कोण, हे आमच्याकडे विचारावं लागत नाही.
त्या मार्चात बर्फ लवकर सुटला होता.
बेटावरून तिघे चालत निघाले, मंगळवार होता,
दोन टोप्या मिळाल्या.

माइरे शेवटच्या रांगेत, कोट न काढता.
बायका तिचा हात हातात घेत होत्या,
कसं गं जमवलंस, आमचा जीव गेला.
ती म्हणाली, काच फार गार होती.
तिकीट माझ्या मुठीत. मी ब्र काढला नाही.

आता प्रत दुसऱ्या गावी जायचीय.
काउपोनं काकाला कापलं,
म्हणाला, तिसरी रांग कुठेही असू शकते.
शेवटाबद्दल मी त्याला काही विचारलं नाही.
रात्री एकटीच बसले
आणि तो तेरावा श्वास काढून टाकला.
तिथे आता काही वाजत नाही,
काचेवर वाफ धरते,
विरते,
पुन्हा धरते.