सोडल्याचा निरोप

क्लाक्सविकच्या वाचनालयातला खिडकीकडचा तिसरा संगणक
जरा हट्टी आहे, हे मी येणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो.
मार्यूनला सांगायचं राहिलं.

पावणेसहाला आली. कोट ओला,
हाताला लोकरीचा तेलकट वास,
आणि फोनमधून उतरवून घेतलेला एकच फोटो:
भावाची होडी, टेर्ना. सहा वल्ह्यांची, डांबर ताजं.
विकायची आहे, म्हणाली,
दात काढायचा आहे म्हणावं तशी.

मी दाखवलं: फोटो असा पकडायचा,
बटण दाबून ठेवायचं, ओढत न्यायचा त्या चौकोनापर्यंत
आणि सोडायचा.
"एवढंच?"
एवढंच.

तिने पकडला. खालचा ओठ दातांत.
होडी उचलली गेली, अर्धी पारदर्शक,
बाणाच्या टोकाला चिकटून निघाली,
लांबीवरून, किमतीवरून, मालकाच्या नावावरून,
जणू खाडीतलं धुकं तिला पाठ होतं.
चौकोन दोन पेरांवर आला
आणि मध्येच एक खिडकी कडमडली:
आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का?

मार्यून दचकली.
बोट सुटलं.
बोट सुटली नाही.

मग हूं नाही की चूं नाही.
"पाठवा" दबेना, "नको" दबेना,
कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पाच सत्तावन्नवर अडून बसलं.
होडी पडद्याच्या मध्यात
धड फोटोत नाही, धड जाहिरातीत नाही.

मी समजावलं, जेवढं मला समजतं तेवढं:
दाबल्याचं पानाला कळलं.
सोडल्याचं कळायच्या आत ही मध्ये आली,
तुमचं सोडणं हिनेच झेललं आणि खिशात टाकलं.
पान समजतंय, तुम्ही अजून धरूनच आहात.
खिडकी म्हणतेय, आधी त्याचं आटपू दे.

तिने पुन्हा एकदा बटण दाबलं, सोडलं. टिक. टिक.
"धक्क्यावर दोर फेकला
की पलीकडचा ओरडतो, मिळाला!
तोवर आपण दुसरं टोक पायाखाली दाबून ठेवतो.
ह्याला ओरडायला कुणी शिकवलं नाही का?"

मी इथे मंगळवारी आणि गुरुवारी असतो.
शिकवणारे कोण, मला माहीत नाही.

"हानुसला मी विचारलं होतं," ती म्हणाली, पडद्याकडे बघत.
"दोन वर्षं झाली. बटाटे सोलत होता.
विकू का रे, म्हटलं. त्याने सुरी ठेवली,
तोंड उघडलं, आणि दारावर थाप पडली.
शेजारचा. मेंढी कुंपणात अडकलेली.
गेला तो. उत्तर तसंच राहिलं.
आता विचारलं तर मलाच विचारतो, कुठली होडी?"

मी तीन बटणं एकदम दाबली.
यंत्राला जाग आली, आणि काय सांगू,
त्याने आणखी एक खिडकी उघडली:
पान उत्तर देत नाहीये. थांबायचं, की बंद करायचं?

मी बंदकडे वळलो.
"थांब," ती म्हणाली.
कुणाला म्हणाली, नीट कळलं नाही.

सात वाजेपर्यंत थांबलो.
तिने मला डांबर कसं उकळतात ते सांगितलं,
मी तिला पासवर्ड म्हणजे काय ते.
मग दिवे घालवायची वेळ झाली आणि मी वायर उपसली.
काळ्या काचेत होडी क्षणभर राहिल्यासारखी वाटली.
वाटली असेल.

पुढच्या गुरुवारी आली नाही.
त्याच्या पुढच्या गुरुवारी आली,
वाळवलेल्या मटणाचा तुकडा कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवला
आणि आपणहून पहिल्या संगणकाशी जाऊन बसली.

काय ओढत होती, कुठून कुठे, दिसलं नाही.
खांदा पुढे, ओठ दातांत, बटण दाबलेलं.
वही घेऊन मी निम्म्या वाटेत होतो, सही हवी होती.
उभा राहिलो.